कोरोनात कोल्हापूर सायकलवर आलं, ते नेमकं कशाच्या भीतीनं?

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, कोल्हापुरातच राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न माझ्याकडे आलाय. तिच्या प्रकल्पाचा विषय आहे महामारीत लोकांना वाटणारा संसर्गाचा धोका आणि त्याचा शहरातल्या सायकलवापरावर झालेला परिणाम. ओळखीपाळखीतून तिनं ऑनलाइन फॉर्म भरून घेतले. ‘कोरोनाची किती भीती वाटत होती, १ ते ५ मध्ये सांगा’ हा एक प्रश्न आणि ‘सायकल चालवणं वाढलं, कमी झालं की तेवढंच राहिलं’ हा दुसरा. भीती जास्त तिथं सायकल जास्त, असं चित्र निघेल अशी अपेक्षा होती. निघाली खिचडी. ५ पैकी ५ भीती सांगणाऱ्यांत रोज पन्हाळ्याच्या वाटेला लागलेलेही आहेत आणि वर्षभर सायकलला हात न लावलेलेही. ती विचारते, माझं मोजायचं चुकलं की मुळात समजूतच चुकली?

मोजायचं चुकलंय, आणि समजूत अर्धीच बरोबर आहे. पण खिचडी निघाली हे बरं झालं. सरळ रेघ निघाली असती तर मला जास्त काळजी वाटली असती.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. २५ वर्षं वाहतूक मोजायचं काम करतोय. चौकात पोरं बसवायची, हातात पॅड द्यायचं आणि दुचाकी, रिक्षा, वडाप (सीटवर माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपा), केएमटी (कोल्हापूरची शहर बस), ट्रक, सायकल अशा रकान्यांत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असं दिवसभर मारून घ्यायचं. नाहीतर घरोघरी जाऊन ‘काल सकाळपासून कुठं कुठं गेला, कशानं गेला’ हे विचारायचं. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी देशात १३ टक्क्यांच्या आसपास माणसं सायकलनं कामावर जात होती. कोल्हापुरात सायकलचा रकाना वर्षागणिक रिकामा होताना मी बसल्या जागेवरून पाहिलाय. त्यामुळे २०२० च्या उन्हाळ्यात ‘सायकली परत आल्या’ अशी ओरड सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी मीच हुरळलो होतो, हेही कबूल करतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. ‘भीती’ हा शब्द एक असला तरी त्या वर्षी ती वेगवेगळ्या माणसांच्या मनात वेगवेगळ्या जागी बसली होती. कुणाला शेजारच्या माणसाची भीती. वडापमध्ये मांडीला मांडी लावून बसायची जन्माची सवय, पण अचानक शेजाऱ्याचा खोकला ऐकू यायला लागला. ही भीती माणसाला गर्दीच्या गाडीतून खाली उतरवते. कुणाला आजार घरी घेऊन जाण्याची भीती. घरात सत्तरीतले आईवडील, त्यात वडिलांना शुगर. असा माणूस घरातच बसतो, सायकल राहू द्या, चप्पलसुद्धा पायात घालत नाही. तिसरी भीती आपल्या शरीराबद्दलची. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द त्या वर्षी काढ्याच्या पातेल्यातून घरोघरी पोचला. ही भीती माणसाला पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर नेते. आणि एक भीती होती वस्तूला हात लावायची. ती दुसऱ्याच्या सायकलच्या हँडललाच हात लावू देत नव्हती, दुरुस्तीहून परत आलेल्या स्वतःच्या सायकललासुद्धा नाही.

या सगळ्यांनी तुमच्या फॉर्मवर ५ वरच खूण केली. यातल्या दोन भीती माणसाला सायकलकडे ढकलतात, दोन तिच्यापासून लांब नेतात. एकाच रकान्यात टाकल्यावर खिचडीच शिजणार.

पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा ‘सायन्स’ नियतकालिकातला लेख तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळवून वाचा. माणसं धोका मृत्यूंच्या आकड्यावरून जोखत नाहीत, तो किती धडकी भरवणारा आहे आणि किती अनोळखी आहे यावरून जोखतात, हा त्यातला मुद्दा. कोरोना दोन्ही बाबतींत वरच्या टोकाला होता. रस्त्यावरचा अपघात धडकी भरवतो, पण तो ओळखीचा. २०१९ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,५१,११३ माणसं गेली. त्या आकड्यासाठी कुणी दारात साबण आणि पाण्याची बादली ठेवली नव्हती.

आपल्याकडे धोका मोजायची एक जुनी सवय आहे, तिचा तुम्हाला उपयोग होईल. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. जुलै उजाडला की शाळकरी पोरसुद्धा ‘आज किती फुटावर?’ विचारतं. एवढ्या फुटाला पाणी कुठल्या गल्लीत शिरतं, हे नदीकाठच्या माणसाला पाठ असतं. संसर्गाला असा पातळी दाखवणारा खांबच नव्हता. रोज संध्याकाळी जिल्ह्याचा आकडा यायचा, पण त्यावरून पाणी आपल्या उंबऱ्याला लागलंय की अजून घाटावरच आहे, हे कळायला मार्ग नाही. मग लोकांनी आपापला खांब रोवला. गल्लीच्या तोंडाला पत्रे लागले म्हणजे धोक्याची पातळी. पत्रे निघाले की आठ-पंधरा दिवसांत कट्टा परत भरायचा, मग जिल्ह्याचा आकडा चढता असला तरी चालेल. म्हणून ‘तुम्हाला किती भीती वाटत होती’ यापेक्षा ‘तुमच्या गल्लीत किंवा नात्यात पहिला पेशंट केव्हा निघाला’ हा प्रश्न जास्त कामाचा. त्याचं उत्तर माणसाला तारखेच्या जवळपास आठवतं, आणि भीतीची उडी बहुतेक वेळा तिथंच सापडते.

हे झालं मोजण्याचं. समजुतीचा घोळ याहून मोठा आहे.

शेजारच्याच्या खोकल्यानं माणूस बसमधून उतरला हे खरंच आहे, आणि ते जगभर झालं. न्यूयॉर्कमध्ये १ ते ११ मार्च २०२० या दिवसांत, म्हणजे शहर अजून सुरू होतं तेव्हा, ‘सिटी बाइक’ या भाड्याच्या सायकलींच्या फेऱ्या आदल्या वर्षीपेक्षा ६७ टक्क्यांनी वाढल्या. पुढं लॉकडाउन लागल्यावर त्याही कोसळल्या, पण भुयारी रेल्वेचे प्रवासी ९० टक्क्यांनी घटले तेव्हा या सायकलींची घट ७१ टक्क्यांवर थांबली. एका फेरीची सरासरी वेळ मात्र १३ मिनिटांवरून १९ मिनिटांवर गेली. पूर्वी स्टेशनपर्यंतच सायकल नेणारी माणसं आता थेट मुक्कामापर्यंत नेत होती, असा त्याचा अर्थ मी लावतो.

हा दाखला उचलून कोल्हापूरला चिकटवायचा मोह तुम्हाला होईल. मलाही झाला होता. पण न्यूयॉर्कमध्ये रेल्वेतून उतरलेल्या बऱ्याच माणसांच्या दारात स्वतःचं दुसरं वाहनच नसतं. आपल्याकडे केएमटीतून उतरलेला माणूस थेट मेव्हण्याच्या ॲक्टिव्हावर मागं बसतो. बसमधल्या अनोळखी माणसाची भीती वाटते, मेव्हण्याची वाटत नाही. तो दिवसभर मार्केट यार्डात शंभर माणसांत वावरून आलेला असला तरी ‘घरचाच आहे की’. संसर्गाच्या भीतीला नात्यागोत्याचं असं कुंपण असतं, तुमच्या १ ते ५ च्या पट्टीवर ते दिसणार नाही.

आणि आता जरा नीट बघा. समजा माणूस एकटाच जाणार आहे. दुचाकीवर एकटा आणि सायकलवर एकटा, यात संसर्गाच्या दृष्टीनं फरक काय? काहीच नाही. दोन्हीकडे मोकळी हवा, दोन्हीकडे शेजारी कुणी नाही. म्हणजे संसर्गाची भीती माणसाला बसमधून खाली उतरवून फुटपाथवर उभं करते आणि तिथं तिचं काम संपतं. पुढं तो किल्ली काढतो की पॅडल मारतो, हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: वाटेतला चढ, शर्टावर येणारा घाम, ‘या वयात सायकल?’ म्हणणारा शेजारी, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मागून येणारा ट्रक. कोल्हापुरात सायकलची लढत बसशी कधीच नव्हती, ती दुचाकीशी आहे. आणि त्या लढतीत कोरोना सायकलच्या बाजूनं उतरलाच नाही.

मग २०२० च्या मे-जूनमध्ये एवढ्या सायकली कुठून आल्या?

मे महिन्यातली एक सकाळ सांगतो. पावणेसातला मी भाजी घेऊन सायकलनं परत येत होतो. ताराराणी चौकात पॅडल मारायचं थांबवलं आणि फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली. साधी टिकटिक. त्या चौकात गेल्या वीस वर्षांत मला स्वतःच्या खिशातल्या मोबाइलची रिंगसुद्धा कधी ऐकू आलेली नाही. समोरून पन्नाशीच्या एक बाई लेडीज सायकलवर येत होत्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि मागं त्यांचा मुलगा ‘आई, पुढं बघ, चाकाकडं नको’ करत पळत होता. ताराराणी चौकात कुणी सायकल शिकतंय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या बाई कोरोनाला भिऊन सायकलवर बसल्या नव्हत्या. ज्याला त्या आयुष्यभर भीत आल्या होत्या तो ट्रक त्या सकाळी तिथं नव्हता, म्हणून बसल्या होत्या.

मला सांगायचंय ते हेच. संसर्गाचा धोका आणि रहदारीचा धोका हे दोन्ही एकाच वेळी बदलले, एक वर गेला, दुसरा खाली आला. तुमच्या फॉर्ममध्ये फक्त पहिलाच विचारलाय. सायकली दिसल्या की श्रेय त्यालाच मिळणार.

याला बाहेरून चांगला पुरावा आहे. संसर्गाची भीती २०२० मध्ये युरोपभर होती. पण सायकलींची वाढ सगळीकडे सारखी झाली नाही. १०६ युरोपीय शहरांचे मोजणीयंत्रांचे आकडे घेऊन केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शहरांनी रातोरात रंगाचे पट्टे मारून, खांब रोवून तात्पुरत्या सायकल लेन केल्या (सरासरी साडेअकरा किलोमीटर), तिथं त्या लेनमुळे सायकलींची संख्या ११ ते ४८ टक्क्यांनी जास्त वाढली. बोगोटानं तर मार्च २०२० मध्येच प्लास्टिकचे शंकू मांडून ८० किलोमीटरच्या आसपास रस्ता सायकलला मोकळा केला होता. बोगोटाला १९७४ पासून रविवारी रस्ते गाड्यांना बंद करून सायकलींना मोकळे ठेवायची सवय आहे, शंकू कुठं मांडायचे हे शिकवावं लागलं नाही. भीती सगळ्यांकडे होती, फरक पडला तो शंकूंनी.

आणि मोकळ्या रस्त्याबद्दलही माणसाचा अंदाज चुकतोच. २०२० मध्ये भारतात रस्त्यावरचे मृत्यू १,३१,७१४ पर्यंत खाली आले, पण दर १०० अपघातांमागं मरणाऱ्यांचं प्रमाण ३३.७ वरून ३६ वर गेलं. रस्ता रिकामा मिळाला की गाडीवाला सुसाट सुटतो. वाटणारा धोका कमी झाला, पण धडक बसलीच तर वाचायची शक्यताही कमी झाली. तुमच्या विषयाच्या नावात ‘वाटणारा’ हा शब्द आहे, तो जपा.

आता ‘वाढल्या’ म्हणजे कोणत्या सायकली वाढल्या, हे बघू. लक्ष्मीपुरीत माझ्या ओळखीचे एक सायकलवाले मामा आहेत, पन्नास वर्षांचं दुकान. वाहतुकीबद्दल मी पुस्तकांपेक्षा त्यांच्या स्टुलावर बसून जास्त शिकलोय. जून २०२० मध्ये गेलो तर दुकानासमोर सायकलींची रांग फुटपाथ सोडून रस्त्यावर. ‘गावातले सगळे माळे रिकामे झाल्यात बघा सर,’ मामा म्हणाले. सगळ्यांची एकच तक्रार: टायर उभे चिरलेले, ट्यूब सुकून चिकटलेली, ब्रेकचे रबर दगड झालेले. त्यात एक नवीनच प्रकार होता. चेन तांबूस गंजलेली, तीही महिन्याभरापूर्वीच तेलपाणी करून नेलेल्या सायकलची. मामांना आधी कळेना. मग एका गिऱ्हाइकानं सांगितलं की घरी आणल्यावर फवारणी केली, ते हायपोक्लोराइटचं पाणी असतं ना, तेच. लोखंडाला ते खातं. वस्तूला हात लावायच्या भीतीचा पुरावा तुम्हाला कुठल्या फॉर्मवर सापडणार नाही, मला मामांच्या भंगाराच्या डब्यात सापडला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की दूषित वस्तूला हात लागून लागण व्हायची शक्यता १०,००० त १ पेक्षाही कमी असते. तोवर चेनी गंजून गेल्या होत्या.

विक्रीचे आकडे तुम्ही पाहिले असतीलच. सायकल उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेनं दिलेले आहेत. मे २०२० मध्ये देशात ४,५६,८१८ सायकली गेल्या, सप्टेंबरमध्ये ११,२१,५४४, आणि मे ते सप्टेंबर मिळून ४१ लाखांहून जास्त. मेमध्ये अर्धा देश बंद होता, त्यामुळे तिथून मोजलेली चढण जरा फसवी आहे. तरी मागणी खरी होती. मामांकडे गिअरच्या सायकलीला लोक आगाऊ पैसे ठेवून थांबायचे.

पण मामांची एक पद्धत आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की बजेट विचारायच्या आधी विचारतात, ‘किती वाजता चालवणार?’ सकाळी साडेपाच-सहा म्हणाला की त्याला हलकी, गिअरवाली, मडगार्ड नसलेली दाखवायची. सकाळी साडेनऊ म्हणाला की कॅरियर, स्टँड, मडगार्ड, चेनकव्हर आणि कुलूप. त्या वर्षी साडेनऊवालं नवीन गिऱ्हाईक त्यांना फारसं भेटलंच नाही. उलट जुन्या सायकलीचा कॅरियर काढून द्या म्हणणारे आले. काढलेले कॅरियर दुकानाच्या मागं ढिगानं पडले होते. माझ्या लेखी कोल्हापूरच्या सायकल-लाटेचा सगळ्यात विश्वासू आकडा म्हणजे तो ढीग. कॅरियर काढणारा माणूस सायकलवरून डबा, दप्तर, भाजी काही नेणार नसतो. तो फिरायला निघालेला असतो. चांगलंच आहे ते, तब्येतीला उत्तम, पण त्यानं रस्त्यावरची एकही दुचाकी कमी होत नाही.

तुमचे फॉर्म कुणी भरलेत ते बघा. मी पैजेवर सांगतो, निम्मे फॉर्म एखाद्या सायकल ग्रुपवर फिरलेत. जोतिबा, गिरोली, पन्हाळा करणारी ती मंडळी. आता रोज सायकलवर असणारी बाकीची माणसं मनात आणा. शाळकरी पोरं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, पेपरवाले, दूधवाले, सेंट्रिंगच्या कामावर जाणारे. यांनी तुमचा फॉर्म पाहिलेलाच नाही.

शाळा मार्च २०२० च्या मध्याला बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून सुरू करायला परवानगी मिळाली, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून, आणि पुन्हा बंद. शहरातल्या कुठल्याही चौकात सकाळच्या सायकलच्या रकान्यात शाळेच्या गणवेशाचा वाटा मोठा असतो. तो वाटा बहुतेक वर्षभर शून्यच. म्हणजे पहाटे सहाला रंकाळ्यावर मोजलंत तर सायकली वाढल्या, सकाळी दहाला बिंदू चौकात मोजलंत तर कमी झाल्या, आणि दोन्ही खरं आहे. वर्तमानपत्रांतले फोटो सहाचे होते. कॅमेरा घेऊन दहाला कोण जातंय?

कामगारांचं वेगळंच. गोकुळ शिरगावात फौंड्रीत काम करणाऱ्या एकाला मी विचारलं होतं, कोरोनामुळं सायकल काढली का. तो माझ्याकडं बघून म्हणाला, ‘वडाप बंद, बस बंद. सायकल न्हाई काढली तर काय उडत जाऊ?’ त्याच्या सायकलीला भीतीचं कारण लावणं हा त्याच्यावर अन्याय होईल. ज्यांचं काम बंद पडलं त्यांची सायकलही बंद पडली, तिथंही भीती नाही. निवड असेल तिथंच भीतीला काम असतं. म्हणून फॉर्ममध्ये आधी हे विचारा, ‘त्या दिवशी दुसऱ्या कशानं जाता आलं असतं का?’ नाही म्हणाला तर भीतीचे प्रश्न सोडून पुढं जा.

सायकल चालवणाऱ्यांनाही संसर्गाची भीती वाटलीच, पण ती कशी वळली ते गमतीचं आहे. एप्रिल २०२० मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या अभियंत्यांचं संगणकावरचं एक सिम्युलेशन मोबाइलवर फिरलं. वेगानं चाललेल्या सायकलस्वारामागं थेंब कसे वाहत जातात याचं रंगीत चित्र, आणि मागच्यानं २० मीटर अंतर ठेवावं असा सल्ला. तज्ज्ञांची तपासणी व्हायच्या आधीच ते जगभर गेलं होतं, आणि त्यात थेंबांचा प्रवास होता, लागण किती होते हे नव्हतं. आमच्याकडं जोतिबाच्या रस्त्याला जाणारे गट त्यानंतर माळेसारखे लांबच लांब पसरून चालायला लागले. काहींनी गटच सोडला. आणि वर पोचल्यावर चहाच्या टपरीवर मास्क हनुवटीला, खांद्याला खांदा, एकाच बशीतली भजी. पुढं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात नोंदल्या गेलेल्या लागणींपैकी मोकळ्या हवेतल्या १० टक्क्यांहून कमी निघाल्या, आणि बंद जागेत लागण व्हायची शक्यता १८ पटींहून जास्त. टपरीला ताडपत्री आणि तीन बाजूंनी पत्रा होता, ती मोकळी की बंद हे तुम्हीच ठरवा.

दंडाच्या पावतीची भीती राहिलीच. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी सांगितलं होतं की एकट्यानं सायकल चालवताना मास्क लावाच अशी काही सूचना नाही, गटात असाल तर लावा. पण नाक्यावर उभं राहून हे समजावून सांगणार कोण? चढाला मास्क लावून दम लागतो म्हणून सायकल ठेवून देणारे मला भेटलेत. हा परिणाम संसर्गाचा नाही, दंडाचा आहे. फॉर्ममध्ये मात्र तोही ‘कोरोनामुळे सायकल कमी’ असाच दिसणार.

दुसऱ्या लाटेबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध परत आले, आणि ७ जूनला राज्य पाच स्तरांत उघडलं तेव्हा कोल्हापूर चौथ्या स्तरात अडकलेलं होतं. धोका खरोखर जास्त होता त्या काळात सायकली कमी होत्या. निर्बंध होते हे एक कारण. दुसरं असं की भीतीचं रूप बदललं होतं. आता प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणीतरी दवाखान्यात होतं आणि ‘ऑक्सिजन’ हा शब्द घरात आला होता. पहिल्या लाटेत प्रतिकारशक्तीसाठी सायकल काढणारा माणूस दुसऱ्या लाटेत आधी बोटाला ऑक्सिमीटर लावून बघायचा आणि ९६ दिसलं की कुलूप परत लावायचा. तीच शरीराबद्दलची भीती, पण आता उलट्या दिशेनं ढकलणारी. तुमच्या आकड्यांत २०२० आणि २०२१ एकत्र केले असतील तर आजच वेगळे करा.

आणि बाकीच्या भानगडी विसरू नका. जुलै २०२१ मध्ये महापूर, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. त्याच उन्हाळ्यात पेट्रोल शंभरीपार. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप. हा संप तुमच्यासाठी वरदान आहे. तेव्हा संसर्गाची भीती ओसरत चालली होती पण बस नव्हती, म्हणजे ‘बस नसणं’ आणि ‘बसची भीती’ या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायची संधी फुकट मिळते. संपात सायकल वाढली नसेल आणि २०२० मध्ये वाढली असेल, तर बस गेल्यामुळं सायकल येते हे गृहीतकच पडतं. माझ्या पाहण्यात संपातही लोक दुचाकीवरच गेले. पण ते मी मोजलेलं नाही, तुम्ही विचारा.

बदललेली सवय किती टिकते, हेही तुम्ही विचारलंय. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवसांचा संप झाला. नाइलाजानं दुसरी वाट धरलेल्यांपैकी ५ टक्क्यांच्या आसपास माणसं संप मिटल्यावरही त्या नव्या वाटेवरच राहिली, कारण ती आपल्याला जास्त सोयीची आहे हे त्यांना चुकून कळलं होतं. कोल्हापुरात टिकलेले सायकलवाले मी पाहिले ते याच जातीचे. मंगळवार पेठेतून उद्यमनगरला गल्लीगल्लीतून, मोठ्या रस्त्याला न लागता जाता येतं, हे ज्यांना त्या दोन महिन्यांत समजलं ते अजून जातात. ज्यांनी मोठ्या रस्त्यावर मोकळं आहे म्हणून सायकल घातली होती, ते रहदारी परत आल्यावर पंधरा दिवसांत उतरले. म्हणून वाट विचारा. नकाशा पुढं ठेवून बोट फिरवायला सांगा. केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत २०२१ मध्ये निवडलेल्या ११ शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. जमलं तर तिथल्या एखाद्या कॉलेजशी बोलून हेच प्रश्न तिथंही विचारून घ्या, तुलना करायला बरं पडेल.

फॉर्मच्या दुरुस्तीबद्दल एवढंच. ‘किती भीती’ काढून टाका. त्याच एका प्रवासासाठी केएमटी, वडाप, रिक्षा, मेव्हण्याची गाडी, एकट्याची गाडी, एकट्याची सायकल यांना कमी-जास्त धोक्याच्या क्रमानं लावायला सांगा, एकदा संसर्गाच्या आणि एकदा अपघाताच्या. लागण होण्याची शक्यता किती वाटते आणि झाली तर काय होईल असं वाटतं, हे दोन वेगळे प्रश्न करा. घरात साठीपुढचं कोण आहे ते विचारा. गल्लीतला पहिला पेशंट सोडला तर बाकी कशाच्या तारखा विचारू नका, त्या कुणाला आठवत नाहीत. ‘गणपतीच्या आधी की नंतर’, ‘शाळा उघडल्यावर की आधी’, ‘पुराच्या वेळी’ असं विचारा, लगेच सांगतात. आणि ऑनलाइन पुरे झालं. एक दिवस सकाळी सहाला रंकाळ्यावर आणि दहाला बिंदू चौकात पॅड घेऊन उभ्या राहा. एक दिवस पाळी सुटताना शिरोलीच्या गेटवर.

शेवटचा प्रश्न माझा घाला: ‘ती सायकल आत्ता कुठं आहे?’ मी हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षं भेटेल त्याला विचारतोय. जिन्याखाली. गॅलरीत, तिच्यावर टॉवेल वाळत घालतो. भाच्याला दिली. विकली, निम्म्या किमतीत. एक-दोघं म्हणतात, बाहेर लावलीय, तिच्यावरच आलो. मामांच्या दुकानात छताला अजून दोन गिअरच्या सायकली टांगलेल्या आहेत, हँडलला सुतळीनं कागद बांधलेला, त्यावर २०२१ ची तारीख आणि ‘सर्व्हिसिंग’. मामा दर दिवाळीला त्यांच्या टायरमध्ये हवा भरतात. मालक अजून आलेले नाहीत.